चिमूटभर साखर आणि माझं मडकं

बसा, चहा घ्या. माझ्या कपात साखर नाही म्हणून हसू नका. त्या साखरेपायी मी एकदा जमलेलं लग्न मोडून आलो आहे! माझं नव्हे हो. धाकट्या भावाच्या मुलीचं, मंदाचं.

तुम्ही म्हणाल, हा म्हातारा चार शब्द बोलायला अर्धा तास लावतो, हा काय लग्न मोडणार? अहो, तेच तर! चटकन बोलता आलं असतं तर वाचलो असतो.

सत्तर साल उलटून गेलं होतं. आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहायचो. मी हातमागावर, धाकटा भाऊ दत्तू गिरणीत. माझी बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, म्हणून दत्तूच्याच घरात माझं अंथरूण. आणि सोबतीला साखरेचा रोग. रोज सकाळी सुई टोचून घ्यायची. तेव्हा पिचकारी काचेची असायची, दर वेळी उकळून घ्यावी लागायची. ते सगळं मंदा करायची. "आण्णा, हात," म्हणायची. मी हात पुढं करून डोळे मिटायचो. पोरीच्या हाताला असं वळण, की टोचलं कधी ते कळायचं नाही.

डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. "साखर तुम्हाला विष. पण सुई घेतली, वेळेवर जेवला नाहीत आणि घाम फुटला, हात थरथरायला लागले, तर तीच साखर औषध. खिशात पुडी ठेवा आणि खुशाल कुठंही फिरा."

आता माझं शिक्षण चौथी नापास. एकच वस्तू विष आणि तीच औषध, हे माझ्या डोक्यात कुठं मावणार? मी आपलं विष तेवढं पक्कं धरलं. घरात कुणी साखरेचा डबा उघडला तरी माझं तोंड आपोआप मिटायचं. पण "खुशाल फिरा" हे शब्द मात्र फार आवडले. फिरायला कारण तेवढं हवं होतं.

ते आलं. टेंभुर्णीजवळच्या एका वाडीतल्या किसनरावांच्या मुलाला मंदा पसंत पडली. निरोप आला, घरातल्या वडीलधाऱ्यानं येऊन घर बघावं, तोंड गोड करून शब्द पक्का करावा. दत्तूला रजा मिळेना.

"मी जातो की," मी म्हणालो.

"आण्णा, तुमची सुई, तुमच्या खाण्याच्या येळा... नगा जाऊ."

"डॉक्टर म्हणालेत, खुशाल फिरा."

दत्तूनं कपाळाला हात लावला. "मग एक ध्यानात ठिवा. तितं ह्या रोगाचं नाव काढायचं न्हाई. चुलत्याला हाय म्हणजे रक्तातच हाय, पोरीला हुणार, पोरीच्या पोरांना हुणार, असं म्हणत्यात लोकं. कोण करून घेतंय मग?"

"न्हाई काढत."

आणि नाही काढलं! हाच तर सगळा घोटाळा.

सुईच्या औषधाची बाटली गार ठेवावी लागते. आमच्या पेठेत फ्रिज कुणी बघितला होता? मंदानं लहान मडक्यात ती बाटली आणि पिचकारीची डबी ठेवली, तोंडाला ओलं फडकं बांधलं. मुक्काम पडलाच तर जवळ असावं. खिशात साखरेची पुडी, पिशवीत भाकरी. सकाळी सुई घेतली, मडकं छातीशी धरलं आणि एसटीत चढलो.

गाडी गच्च भरलेली. एक बाई माझ्या मडक्याकडं बघून ताडकन उठली.

"बसा बाबा. कोण गेलं वो?"

मला आधी काही कळलंच नाही. कळेपर्यंत कंडक्टर म्हणाला, "अस्थी हायत. खिडकी द्या त्यास्नी!"

खिडकीतला माणूसही उठला. कुणी बिडी विझवली. आता नाही म्हणावं, तर मग मडक्यात काय आहे ते सांगावं लागणार. सांगायचं तर नाही. मी गप्प बसलो. आणि खोटं कशाला बोलू, खिडकीचा वारा छान लागत होता. म्हटलं, एवढं सुख तर धडधाकट माणसालाही मिळत नाही प्रवासात!

मोहोळच्या पुढं गाडी पंक्चर झाली. ऊन डोक्यावर आलं. माझी जेवायची वेळ झाली, मी पिशवीला हात घातला, आणि तसाच बाहेर काढला. मांडीवर अस्थी घेतलेला माणूस भाकरी-ठेचा कसा खाणार, सांगा? ती बाई तर माझ्याकडं बघून डोळे पुसत होती.

वाडीत पोचलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. किसनराव माणूस भला. दारात पायांवर पाणी घातलं, घोंगडीवर बसवलं.

"मडकं आत ठिवू का पाव्हणं?"

"नको!" मी ओरडलोच. ते जरा दचकले.

आतून पुरणाचा वास येत होता. पानं मांडलेली दिसत होती. पण किसनराव म्हणाले, "आदी तोंड गोड करू, मग जेवायला बसू." पितळी ताटलीत साखर आली. त्यांनी स्वतः चिमूट भरली आणि प्रेमानं माझ्या तोंडाशी आणली.

माझं तोंड मिटलं.

मी मिटलं नाही हो, ते मिटलं!

"लाजताय व्हय? घ्या की."

"उपास हाय."

"उपासाला साखर चालती की!"

"दात दुखतोय."

"साखरेला दात कशाला लागत्यात? जिभंवर ठिवा."

सावकाश माणसानं घाईत विचार करू नये. मी म्हणालो, "नवस बोललोय. मंदीचं लग्न जमल्याबगर साखरेला शिवणार न्हाई."

किसनरावांनी आनंदानं मांडीवर थाप मारली. "मग जमलं की आता! आ करा!"

बघा! माझ्याच हातानं मी दार बंद केलं, आणि बोट आत राहिलं.

साखर हवेत तशीच. त्यांच्या चिमटीतून कण घोंगडीवर पडत होते. किसनरावांचा चेहरा हळूहळू उतरला.

"म्हंजी तुमच्या मनानं जमलं न्हाई म्हणा की."

"जमलं की."

"मग खावा."

मी खाल्ली नाही. त्यांनी चिमूट परत ताटलीत सोडली. आमच्याकडं दिवसभर बोलणी करा, पण पाहुण्यानं साखर घेतली नाही की सोयरीक संपली. आतल्या बांगड्यांचा आवाजही थांबला.

एवढ्यात मला घाम फुटला. हात थरथरायला लागले, समोर दोन-दोन किसनराव दिसायला लागले. मी मडकं उचललं, "आलोच," म्हणालो आणि लटपटत गोठ्यामागं गेलो. पुडी उघडून सगळी साखर तोंडात ओतली. विष की औषध, बघायला वेळ कुठं होता?

मी कुठं पडलो की काय म्हणून किसनराव मागोमाग आले. काय बघतात? व्याही मटकन खाली बसलेले, मांडीत मडकं, मिशांना साखर.

"ही कुठली साखर?"

"माजी."

"आन आमची काय इटाळली व्हती व्हय?"

उठून पाया पडावं म्हणून उभा राहिलो, तर तोल गेला आणि तिथं बांधलेल्या म्हशीच्या गळ्यात पडलो. जीभ जड झालेली. "इवाई, गैरसमज नको," असं मी म्हशीच्या कानात म्हणालो, असं ते पुढं सगळीकडं सांगत होते.

त्यांची नजर मडक्यावर गेली. आता तुम्हीच सांगा, आमच्या भागात फडकं बांधून मडक्यातनं काय काय जातं? एक तर अस्थी. त्या मी इथपर्यंत आणल्याच होत्या. आणि दुसरी शिंदी, झाडाची दारू!

"शिंदी हाय का ह्यात? सोडा बघू फडकं."

मी मडकं पोटाशी धरलं. फडकं सुटलं असतं तर पिचकारी, बाटली, सगळं बाहेर. रक्तातला रोग. मंदा.

"न्हाई दाखवायचं."

"प्यालाय का तुमी?"

काय बोलू? खरं सांगायची बंदी आणि खोटं सुचेना. एका चांगल्या माणसाच्या दारात, त्याच्या म्हशीला धरून मी उभा. आयुष्यात थेंबाला शिवलो नव्हतो. मी मान खाली घातली.

किसनरावांनी तरीही माणुसकी सोडली नाही. गड्याबरोबर बैलगाडीतून टेंभुर्णीच्या स्टँडवर पोचवलं. तोवर साखर लागू पडून मी अगदी ठणठणीत! पण आता ठणठणीत होऊन काय उपयोग?

आणि नशीब बघा, गाडीला कंडक्टर सकाळचाच!

"बाबा, अस्थी परत आणल्या?"

गडी खालून ओरडला, "कसल्या अस्थी! शिंदी हाय त्यात. सांभाळून न्या. आमचं सोयरं हुता हुता ऱ्हायलं हे!"

कंडक्टरनं मला मागच्या सीटवर ढकललं. "अस्थी म्हणून शिंदी नेतोय! देवाला तरी भ्या की म्हाताऱ्या!" गाडीत आमच्या पेठेतले दोघं होते. मी उतरून चालत घरी पोचेपर्यंत बातमी पोचून, चहा पिऊन, पुढच्या गल्लीत गेली होती.

दत्तू उंबऱ्यात बसला होता. मी सगळं सांगितलं. बोलताना मला रडू आलं. म्हणालो, "उद्या परत जातो. रोग हाय म्हणून सांगतो. मंदीचं वाटोळं मी न्हाई हू देणार."

दत्तूनं मला आधी उंबऱ्यावर शेजारी बसवलं. मग म्हणाला, "नको. पिणारा हर एक घरात एक असतोय. त्याला कोण बी नाव ठिवतंय आन् सोडून देतंय. रोगाला न्हाई सोडत. आण्णा, मंदीचं लगीन हुईस्तोवर तुमी पिताच."

मी मंदाकडं बघितलं. तिनं मडक्याचं वाळलेलं फडकं सोडलं आणि दुसरं भिजवून बांधलं.

झालं! त्या दिवसापासून मी दारुडा. माळ घातलेला, कांदासुद्धा सणावाराला वर्ज्य करणारा दारुडा. भजनात टाळ वाजवायचो, तिथं मला दाराजवळ बसायला सांगितलं. शिंदीच्या दुकानासमोरून गेलो की मालक नमस्कार घालायचा, हा आपल्याकडं का येत नाही म्हणून जरा रागातही असायचा. सुई आम्ही दार लावून घ्यायचो. त्या दिवसांत मंदाची सुई पहिल्यांदा चुकली. मला दुखलं, पण मी सांगितलं नाही. किती रात्री मी छताकडं बघत विचार केला, की मी नसतो तर हिचं कधीच जमलं असतं.

पुढं मोहोळचं स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी दत्तूला हळूच विचारलं, "चुलतं घेत्यात म्हणं?"

"घेत्यात जराशी," दत्तू म्हणाला.

"चालायचंच. आमचा मेव्हणा बी त्यातलाच. बाकी घरात काय रोगबीग?"

"छे छे!"

ठरलं! तोंडं गोड झाली. या वेळी मला कुणी साखर आणलीच नाही, लांबूनच नमस्कार केला.

लग्न झालं. मंदा निघाली. मी धुतलेलं धोतर नेसून मांडवात ताठ उभा होतो. उद्यापासून "आण्णा, हात" कोण म्हणणार, एवढंच डोक्यात होतं. ती पाया पडली, गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मला तिला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. जन्मभर जपून ठेवील असं. शब्द नेहमीसारखे सावकाश येत होते. पण तीच आधी बोलली, रडता रडता, माझ्या कानात:

"आण्णा, असं सरळ काय उभारलाय? जरा डुला की, मामंजी बघालेत!"

आणि भर मांडवात, तिचा हात धरून, मी डुललो.