न मोजलेला पाऊस

आमच्या माडीवर वडूजची एक पोरगी भाड्यानं राहते. गावोगावचा पाऊस 'आर' नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत मांडायचं तिचं काम. काम करताना त्या कॉम्प्युटरशीच बोलते, "दमानं रं गड्या." मला लय गंमत वाटते.

"नेमकं करतीस काय गं?" मी एकदा विचारलं.

"पंगत मांडते, काकू. एका गावाचा रोजचा पाऊस म्हणजे एक रांग. सगळ्या रांगा एकाखाली एक लावल्या की चौकोनी तक्ता होतो. त्याला मॅट्रिक्स म्हणत्यात."

परवा मात्र ती कपाळाला हात लावून बसली. एका गावाचं पाऊस मोजायचं यंत्र मधेच बिघडलेलं, म्हणून रांग आखूड. तर कॉम्प्युटरनं सुरुवातीचाच पाऊस पुन्हा वाढून ती पुरी केली. तसाच तक्ता कचेरीत गेला असता, तर पाऊस झाला म्हणून त्या गावाचा पाण्याचा टँकर बंद झाला असता. हिनं तक्त्यातली त्या दिवसांची घरं मोकळी ठेवली.

तक्ता बघून लगेच तिच्या साहेबांचा फोन. "मोकळं कसं ठेवलं? भरून टाक काहीतरी."

"साहेब, मोजलाच न्हाई तो पाऊस मी कुठनं आणू? तुमच्याकडं असंल तर द्या, आधी गावालाच पाठवू."

साहेब हसले असावेत. तक्ता मोकळ्या घरांसकट गेला.