घर होतं म्हणून न आलेला गणपत

रंगूनहून तार आली तेव्हा मी नागपूरला, लकडगंजातल्या माझ्या दुकानात होतो. गणपत तापानं गेला, बस, एवढंच. रडू मागाहून आलं. आधी आली ती चीड, आणि महिना उलटला तरी ती उतरायचं नाव घेत नाही.

गणपत आमच्या उमरेडचा, माझा लहानपणापासूनचा दोस्त, हाताचा पक्का विणकर. मागावर पोट भरेना म्हणून रंगूनच्या कापड गिरणीत गेला आणि मुकादम झाला. परवाना एकट्याचा, तोही वर्षावर्षाचा. म्हणून त्याची बायको, सखूवहिनी, उमरेडलाच, त्याच्या भावाच्या घरात. दर दिवाळीला मात्र स्वारी हजर! मागापुढच्या ज्या खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो, तो खड्डा परगावी गेलेल्याच्या माघारी आमच्यात कोणी बुजवत नाही. माणूस परतणार आहे, म्हणून.

मग नवा कायदा आला. कमाई बाहेरची असली तरी, इथं तुमच्यासाठी घर राखलेलं असेल आणि वर्षात एक दिवस जरी पाय ठेवलात, तर तिकडच्या सगळ्या पगारावर इथं कर. तिथं कापून घेतलेल्याचं काय? त्यासाठी अर्ज करा, हेलपाटे घाला! नागपूरच्या कचेरीत मी त्याच्यासोबत होतो. साहेबानं विचारलं, "तुझ्यासाठी घर ठेवलंय का इथं?" घर भावाचं, सरळ नाही म्हणायचं होतं. पण हा गडी छाती काढून म्हणतो, "हाये ना साहेब! माहा खड्डा तसाच हाये. कोणी बसत नाही त्याच्यात." झालं! साहेबानं मान वर न करता लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी भडकलो. "काहून बोलला गा? भावाले सांग, खड्डा बुजव. पुढच्या साली नाही म्हणता येईल."

"जित्या माणसाचा खड्डा बुजवते का कोणी? घर नाही म्हणू, तं मी मेलो का?"

कर भरून यायचं तर वहिनींना पाठवायला काही उरेना. म्हणून त्यानं येणंच सोडलं... वा रे कायदा! ज्याचं कोणी नाही त्यानं खुशाल यावं-जावं, आणि ज्याची वाट बघणारं कोणी आहे त्यानं भुर्दंड भरावा! गणपतचाही राग येतो. एक शब्द खोटा बोलला असता तर काय आभाळ कोसळलं असतं, मेल्या?

परवा त्याचा एक सोबती अस्थी घेऊन उमरेडला आला. वहिनींनी गाडगं मांडीवर घेतलं. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्या साली घरी आले हे... याचाबी टॅक्स लागन काय?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "आता राहू द्या त्याले. पाहिजे तितके दिवस."