जावक कारकून आणि पटकीचा जंतू

जंतू विष कसं सोडतो हे ऐकल्याशिवाय माझ्या साडूंच्या घरात आजवर कुणाला पोटभर जेवायला मिळालेलं नाही. लातूरच्या एका कॉलेजात ते जंतुशास्त्र शिकवत, पण तास संपला म्हणून शिकवणं थोडंच संपतंय! पाहुण्याच्या पानात वरण पडलं रे पडलं की सुरुवात: "पटकीचा, म्हंजे कॉलऱ्याचा, जंतू थुंकत न्हाई बरं का. थुंकायला तोंड लागतंय." मग ताटाशेजारी ओल्या बोटानं दोन गोल, एकात एक. ही आतली भिंत, ही बाहेरची. विष घडतं आत, पण बाहेर पडल्याशिवाय त्याचा काडीचा उपयोग नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा हात धरून विचारायचे, "पाणी उकळलं का?" आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढायचे. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण अक्का, तेव्हा उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसायची.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता, आणि मी एका कचेरीत जावक कारकून होतो. साहेबांची सही झालेल्या कागदावर नंबर टाकून तो बाहेर धाडायचा, काम एवढंच. पण बसायचो असा ताठ, की जिल्हा माझ्याच टेबलापासून सुरू होतो. एकदा धर्माबादला सासुरवाडीत, साऱ्यांसमोर, साडू म्हणाले, "जंतूच्या आत बी एक जावक कारकून असतोय, ह्यांच्यासारखा. मालाच्या, म्हंजे विषाच्या, टोकाला चिठ्ठी असती. ती बघायची, माल आतल्या भिंतीपलीकडं ढकलायचा, चिठ्ठी कापून टाकायची. मधल्या बोळात सुटे भाग जुळतेत. बाहेरच्या भिंतीतलं दार मात्र अजून कुणाला घावलं न्हाई. फरक एवढाच साडूभाऊ, तो कागद अडवून धरत न्हाई!" सासऱ्यांना हसून ठसका लागला. बायकोसुद्धा हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते ठेच्यामुळे, असं मी सांगितलं.

त्या साली दुष्काळ. टँकर यायचा आणि आमच्या गल्लीतल्या आडात रिकामा व्हायचा. साडू त्याच गल्लीत राहत. आडात ब्लीचिंग पावडर टाका म्हणून त्यांनी अर्ज केला, साहेबांनी तसं पत्र काढून सही केली, आणि पत्र नंबरासाठी आलं माझ्याकडे. म्हटलं, साडूंचा कागद ना? मुरू दे जरा. बारा दिवस मुरवला. घरी मात्र घागरीत तुरटी फिरवून पाणी नितळ करायचो आणि साडूंना दाखवून प्यायचो. "तुरटीनं गाळ बसतोय, जंतू न्हाई," ते म्हणायचे. तसं म्हणाले की मी आणखी एक पेला घ्यायचो.

तेराव्या दिवशी सकाळी माझ्या पोटातल्या जंतूनं त्याची जावक अगदी वेळेवर उरकली. दुपारपर्यंत माझे डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली, शब्द फुटेना. गल्लीतले आणखी तिघं पडले होते. दवाखान्यात सलाईन येईस्तोवर साडू माझं डोकं मांडीवर घेऊन मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत होते. मी ओकलो की पुन्हा चमचा. जंतूचं नावही त्यांनी काढलं नाही. तेव्हा मला कळलं, आपण आता मरणार. मी घाबरून त्यांचा हात घट्ट धरला.

संध्याकाळी आवाज फुटला. साडू कानाशी वाकले. "पत्र?"

"टेबलावरच हाय."

त्यांनी पेल्यातलं मीठ-साखरेचं पाणी ढवळलं. मग चमचा पुन्हा तोंडाशी आणला. "प्या," म्हणाले.

देवाची कृपा, आम्ही चौघंही उठलो. पत्र कचेरीतून मागवून त्यावर नंबर मी दुसऱ्या दिवशी खाटेवरूनच टाकला. साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाहेरच्या भिंतीतलं ते दारही सापडलं म्हणे, पण ते सांगायला साडू नाहीत, आणि माझं जेवण आता निवांत आणि बेचव होतं. ज्या माणसाच्या पोटात जंतूची एक गोष्ट टिकत नव्हती, त्यानं त्या पत्राचं अवाक्षर कुणाला सांगितलं नाही. अक्काला नाही, माझ्या बायकोला नाही, भर पंगतीत चुकूनसुद्धा नाही.

परवा बायकोला मीच सांगून टाकलं. ती हातातलं काम थांबवून म्हणाली, "दाजींना ठावं होतं?"

"हाव."

"अन् तरी पाजत बसले व्हय," ती म्हणाली.