अठरा मुलांचं रक्त

आमच्या संस्थेत संशोधक मुलं कुठं अडली की माझ्याकडे येतात. ठाण्याच्या बाजूला वैद्यकीय संशोधनाची संस्था आहे आमची, आणि मी तिथल्या विद्यार्थी कक्षात. पीएचडीवाल्यांचे अर्ज, पीएचडी झालेल्या पोस्टडॉकवाल्यांची पत्रं, कुणाला व्हिसासाठी दाखला हवा, कुणाचं गाइडशी वाजलंय, कुणाला नुसतं रडायचंय. खुर्ची माझ्यासमोरचीच असते. मी तोंडाची फटकळ आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण काम अडवत नाही, हेही माहीत आहे. निदान तेव्हापर्यंत तरी होतं.

माझी एक पद्धत होती आणि तिचा मला भारी अभिमान होता. प्रबंध सादर करायचा तर विद्यार्थ्याला ‘नो ड्यूज’चा कागद लागतो. ग्रंथालय, स्टोअर, हॉस्टेल, फ्रीझर रूम, सगळीकडून सही आणायची की ह्याच्याकडे आमचं काही राहिलेलं नाही. ऐन शेवटच्या आठवड्यात मुलं तो कागद घेऊन मजल्यामजल्यांवर धावायची. सही करणारा नेमका रजेवर. मुलांचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून मी काय करायचे, पंधरा दिवस आधीच कागद स्वतः भरायचे आणि स्वतःच फिरवायचे. डोंबिवलीहून सकाळी पहिली येऊन बसणारी मी. मुलांची तोंडं उघडायच्या आत अर्ध्या सह्या तयार. मुलं म्हणायची, मॅडम, तुम्ही देव आहात. मी म्हणायचे, देवबिव काही नाही रे, आधी चॅप्टर पूर्ण कर.

ती मुलगी टिटवाळ्याची. वडील छोट्या कारखान्यात, घरात ती पहिलीच एवढं शिकलेली. थॅलेसेमिया झालेल्या मुलांवर तिचं काम होतं. ह्या मुलांच्या अंगात रक्त नीट बनत नाही, दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरचं चढवावं लागतं. कल्याणच्या एका केंद्रात अशी मुलं यायची. रक्त चढवायच्या आधी तिनं अठरा मुलांचं थोडं थोडं रक्त घेतलेलं, आईबापांच्या सहीनं. ते बारक्या नळ्यांमध्ये, दोन डब्यांत, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलेलं. सहा वर्षं त्याच्यावर गेलेली.

शेवटच्या सादरीकरणाला समितीनं सांगितलं, काम चांगलं आहे, फक्त एक तपासणी नव्या पद्धतीनं पुन्हा करून दाखवा आणि महिनाअखेर प्रबंध द्या. महिनाअखेरीला तिची नोंदणी संपत होती. एकदा मुदतवाढ घेऊन झालेली, दुसरी सहसा मिळत नाही. म्हणजे त्या तारखेपर्यंत प्रबंध नाही तर सहा वर्षं पाण्यात. तपासणीचं किट बाहेरून यायचं होतं. ती रोज सकाळी स्टोअरमध्ये विचारून यायची, आलं का हो, आलं का. मी तिला म्हटलं, “अगं, तू किटचं बघ, कागदांचं माझ्यावर सोड. एकही सही तुला मागायला जावी लागणार नाही.”

तिनं सोडलं माझ्यावर.

किट आलं मंगळवारी. अकराच्या सुमारास ती माझ्या दारात उभी. चेहरा पांढराफटक.

“मॅडम, माझे डबे नाहीयेत.”

“कुठले डबे?”

“रक्ताचे. कप्पा रिकामा आहे.”

मी काय म्हणाले, ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, “नीट बघितलंस का? तुम्ही मुली ना, धांदरटपणा नुसता. दुसऱ्या कप्प्यात असतील.” मी उठले आणि तिच्याबरोबर तरातरा फ्रीझर रूममध्ये गेले.

फ्रीझर सांभाळणाऱ्याला सगळे मामा म्हणतात. पन्नाशीचा माणूस, कंत्राटावर, दरवर्षी नवी ऑर्डर निघते तेव्हा पगार चालू. आमच्याकडे उणे ऐंशीच्या एका कप्प्यासाठी सख्खे भाऊ जमिनीसाठी भांडावेत तशी लोकं भांडतात. एक जण गेला की दुसरा टपलेलाच. त्यामुळे नियम आहे, ज्याच्या नो ड्यूजवर ‘साहित्य शिल्लक नाही’ असं लिहिलंय, त्याचं जे काही मागे उरलं असेल ते येत्या सोमवारी काढायचं, ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं, म्हणजे वाफेवर शिजवून निर्जंतुक करायचं, पिवळ्या पिशवीत बांधायचं. मंगळवारी कचऱ्याची गाडी येते.

मामा म्हणाले, “त्या ताईंचं? ते काल काढलं की. त्यांचा नो ड्यूज झालाय ना.”

कागद मी भरलेला. शुक्रवारी, जेवायच्या सुट्टीआधी, घाईघाईत. ग्रंथालयाचा रकाना, स्टोअरचा रकाना, हॉस्टेलचा रकाना, सगळीकडे ‘शिल्लक नाही’, ‘शिल्लक नाही’, ‘शिल्लक नाही’. त्याच झपाट्यात फ्रीझरच्या रकान्यातही. तिथं काय लिहितेय हे माझ्या हाताला माहीत होतं, डोक्याला नव्हतं.

“गाडी गेली का?” मी ओरडले.

“मागं उभी असंल अजून.”

आम्ही तिघं पळालो. मी ह्या वयात, साडीत, जिना उतरून, कँटीनच्या मागच्या दारानं. शेडपाशी गाडी उभी होती, ड्रायव्हर पिशव्या मोजून वहीत लिहीत होता. मी म्हटलं, थांबा, थांबा, एक पिशवी परत हवीय. तो म्हणाला, बाई, ह्यातली पिशवी परत देता येत नाही, हातसुद्धा लावू नका. मी त्याच्याशी भांडायला लागले. काय बोलत होते देव जाणे. मला वाटत होतं, पिशवी उघडली तर डबे असतील, डब्यात नळ्या असतील, मग काहीतरी करता येईल. मी काही शास्त्र शिकलेली नाही. बीकॉम आहे मी.

मुलीनं माझा दंड धरला. “मॅडम, सोडा. काल दुपारीच ऑटोक्लेव्ह झालंय. शिजलंय सगळं.”

इतकी हळू बोलली की ड्रायव्हरही लिहायचा थांबला. मग ती म्हणाली, “त्यातला एक मुलगा आता नाहीये. त्याचं परत कुठून आणू?”

गाडी निघून गेली.

आम्ही परत आलो तोवर तिचे गाइड फ्रीझर रूममध्ये पोचलेले. सर तसे सज्जन, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. मामांवर असे काही तुटून पडले की बाहेर मुलं गोळा झाली. “अक्कल आहे का तुम्हाला? मुलांचं रक्त आहे लिहिलेलं दिसत नाही डब्यावर? उद्यापासून येऊ नका!” मामा भिंतीला टेकून उभे. त्यांनी खणातून मी सहीसाठी पाठवलेला कागद काढला आणि पुढे धरला. “सर, ह्याच्यावर शिल्लक नाही लिहिलंय. मी बघूनच काढलं.”

सरांनी कागदाकडे पाहिलंच नाही. मुलीनं पाहिलं. माझं अक्षर अख्ख्या संस्थेला माहीत आहे, लफ्फेदार, पूर्वी प्रमाणपत्रांवर नावं मीच लिहायचे. तिनं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. आणि काही बोलली नाही.

मीही काही बोलले नाही.

हे मला आयुष्यभर टोचणार आहे. डबे गेले ती चूक झाली, चुका होतात. पण एक गरीब माणूस माझ्यादेखत, माझ्यासाठी शिव्या खात होता आणि माझी जीभ, जी एरवी संचालकांपुढे गप्प बसत नाही, ती टाळ्याला चिकटलेली. मी तिथून निघाले आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले. समोर दुसऱ्या कुणाचा तरी नो ड्यूज अर्धा भरलेला. मी पाणी प्यायले. परत प्यायले. कुणीतरी पोस्टडॉक राहण्याचा दाखला मागायला आला, त्याला मी टाइप करून दिला, शिक्का मारला. हात व्यवस्थित चालत होते. तासभर तरी गेला असेल.

मग मामा दिसले खिडकीतून. जेवणाच्या डब्याची पिशवी हातात, गेटकडे चाललेले. दुपारचे दोनही वाजले नव्हते.

“अहो मामा!” मी खिडकीतून हाक मारली. “कुठं निघालात?”

“सर बोलले ना, येऊ नका.”

“थांबा तिथंच. हलायचं नाही.”

मी तशीच डीन मॅडमच्या खोलीत गेले. सर आणि मुलगी आधीच बसलेली. मी उभ्या उभ्या सांगितलं की तो रकाना मी भरला, तिला न विचारता, फ्रीझर न बघता. मामांनी नियमाप्रमाणे केलं. सर माझ्याकडे बघतच राहिले. ते मला इतकी वर्षं ओळखतात. त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसले.

डीन मॅडम व्यवहारी बाई. त्या म्हणाल्या, “दुसरी मुदतवाढ मिळू शकते, पण विद्यार्थ्याच्या हाताबाहेरचं कारण लागतं. फ्रीझर बिघडला असं लिहू. तांत्रिक कारण. कुणाच्या अंगावर यायला नको.” मग माझ्याकडे बघून जरा मऊ आवाजात, “तुमची तीन वर्षं राहिलीत रिटायरमेंटला.”

खरं सांगते, मला मोह झाला. फ्रीझर काय, बोलत नाही. पण फ्रीझर बिघडला म्हटलं की पहिला प्रश्न येणार, सांभाळत कोण होतं? मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. आणि मला कळलं की मी काहीही म्हटलं तरी ही पोरगी मान हलवणार. सहा वर्षं वाचवायची तर दुसरं काय करेल बिचारी?

“नाही मॅडम,” मी म्हटलं. “कार्यालयाची चूक असं लिहा. माझ्या नावानं. तेही तिच्या हाताबाहेरचंच कारण आहे.”

लिहिलं तसं. मला मेमो मिळाला, नो ड्यूजचं काम माझ्याकडून काढून घेतलं. बरोबरच केलं. मामा दुसऱ्या दिवशी कामावर आले. माझ्याशी बोलले नाहीत, अजूनही कामापुरतंच बोलतात. मुलीला चार महिने मिळाले. पुढे प्रबंध गेला, पदवीही झाली. लोक म्हणतात, मग झालं की, एवढं काय मनाला लावून घेता. त्यांना तो शनिवार माहीत नाही.

नव्यानं रक्त घ्यायचं म्हणजे नव्यानं परवानगी, नव्या सह्या. मुलं शनिवारी रक्त चढवायला यायची. मी तिला म्हटलं, मी येते, फॉर्म मी भरून घेईन, तेवढं तरी करू दे. ती म्हणाली, “नको मॅडम.” मी तरीही गेले. कल्याणला रिक्षातून उतरले तर ती केंद्राच्या पायरीवरच उभी. मला बघून तिनं तोंड फिरवलं, पण फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात दिला.

आत ओळीनं खाटा. मुलं पाय हलवत बसलेली, कुणाच्या हातात मोबाइल, कुणी चिप्स खातंय. हाताला सुई लावून, रक्ताच्या पिशवीची वाट बघत मुलं इतकी निवांत बसू शकतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. आया शेजारी स्टुलावर. बहुतेकींनी आमच्या मुलीला ओळखलं, विचारपूस केली, सह्या केल्या. कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, निभावलं.

चौथ्या खाटेवर आठेक वर्षांची पोर होती. दोन वेण्या, फिकट चेहरा. तिची आई खडवलीहून आलेली. तिनं फॉर्म हातात घेतला, पण पेन घेतलं नाही.

“ताई, मागच्या टायमाला दिलेलं ना आम्ही? ते पुरलं नाय का?”

आमची मुलगी म्हणाली, “पुरलं हो काकी, पण प्रयोगात कधी कधी—”

ती मला झाकत होती. माझ्यामुळे जिची सहा वर्षं जायची वेळ आली, ती पोरगी एका आईशी माझ्यासाठी खोटं बोलायला निघालेली. मला ते सहन झालं नाही.

“ते फेकलं गेलं,” मी म्हटलं. “माझ्यामुळे. न बघता कागदावर लिहिलं मी, काही शिल्लक नाही म्हणून. ह्यांची काही चूक नाही.”

बाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पोरीच्या हातावरची सुईची पट्टी अंगठ्यानं नीट दाबली.

“फेकलं,” ती म्हणाली. “हिच्या अंगात रक्त टिकत नाय म्हणून आम्ही दर महिन्याला इथं येतो. दुसऱ्याचं मागून घेतो. त्यातलं तुम्हाला दिलेलं.”

मी हात जोडले.

तिनं मुलीकडून पेन घेतलं, सावकाश सही केली आणि पोरीची बाही वर सारली. “तू घे,” ती आमच्या मुलीला म्हणाली. “तुला मी देते. ह्या बाईंना बाहेर थांबू दे.”

मी गठ्ठा खाटेवर ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले.