हुफूफच्या बागेतला सोनटक्का

सौदीतल्या हुफूफच्या सरकारी हॉस्पिटलात मी नर्स होते. खुब्याचं हाड मोडलेली एक म्हातारी माझ्या वॉर्डात बरेच दिवस होती. घरी जाताना म्हणाली, "मुली, आमच्या बागेत ये."

बाग खजुरीची, मधून पाण्याचा पाट. वाळवंटात एवढी गार, ओलसर सावली मी कल्पिलीही नव्हती. पुढच्या सुट्टीवरून परतताना दापोलीहून सोनटक्क्याचे गड्डे आणले आणि पाटाच्या कडेला लावले. पाणी साचू नये म्हणून माती जरा उंच केली, वर पालापाचोळा पसरला. पहिल्या वर्षी नुसती पानंच आली, हळदीसारखी लांब.

त्याच वर्षी ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं. जानेवारीत युद्ध पेटलं, तेव्हा म्हातारीला मुलांनी मदिनेला नेलं. आम्ही नवराबायको तिथेच राहिलो. हॉस्पिटलात सगळ्यांच्या रजा बंद होत्या. खिडक्यांना चिकटपट्ट्या, खांद्याला गॅस मास्क. सायरन झाला की आधी पेशंट आत हलवायचे, मग आपण. पुढे कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आला. भर दुपारी गाड्या दिवे लावून जात.

युद्ध थांबल्यावर बागेत गेले. सोनटक्क्याचे दांडे वाळून आडवे पडले होते. पानांवर काजळी. म्हातारीही परतली होती, काठी टेकत आली.

"खलास," मी म्हटलं.

"वाळलेलं कापून तरी टाक," ती म्हणाली.

कापता कापता बोटं मातीत गेली आणि टोकदार, गुळगुळीत काहीतरी लागलं. माती सारली. गुलाबी कोंब! वर सूर्य दिसेना, आणि खाली यांचं आपलं चाललं होतं. मी चिखलात तशीच बसून राहिले.

उन्हाळाभर माती ओली ठेवली. दांडे माझ्या डोक्यावर गेले. पावसाळा सरल्यावर आपल्याकडे हवा बदलते, त्या सुमारास एका संध्याकाळी म्हातारीच्या सुनेचा फोन आला, "लवकर ये!"

वास फाटकापर्यंत आला होता. पाटाकडेला घरच्या बायका बसल्या होत्या. मोतीबिंदूमुळे म्हातारीला नीट दिसत नसे. तिनं एक पांढरी पाकळी अगदी हलकेच चाचपली.

"फुलपाखरं आहेत ही," ती कुजबुजली. "मग उडत का नाहीत?"

तेवढ्यात मगरिबची, सूर्यास्ताची अजान झाली. बायका घरात गेल्या नाहीत. तिथेच चटया अंथरून नमाजाला उभ्या राहिल्या. मी चपला काढल्या आणि मागे उभी राहिले.