हलफायाची खिंड

जर्मनीत इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी नव्वदी ओलांडलेल्या एका विधुर आजोबांच्या घरात वरची खोली भाड्याने घेतली. आठवडा कामात निघून जायचा. रविवार मात्र अंगावर यायचा. दुकानं बंद, रस्ते सुनसान, मराठी बोलायचं ते फक्त फोनवर. आजोबांचंही तसंच असावं. एका रविवारी त्यांनी मला खाली कॉफीला बोलावलं आणि मग तो आमचा नेमच झाला.

एकदा युद्धाचा विषय निघाला. त्यांनी टेबलक्लॉथ चिमटीत धरून उंच घडी उभी केली.

"ही हलफायाची खिंड, इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर. खाली समुद्र, वर वाळवंट, मध्ये हा कडा. रणगाडे चढतील अशा वाटा फार थोड्या. म्हणून खिंड ज्याची, रस्ता त्याचा."

विमानं पाडायच्या तोफा जर्मनांनी तिथे खड्ड्यांत बसवून रणगाड्यांवर रोखल्या होत्या. विशीतले आजोबा तोफेत गोळे भरत.

"समोर कोण होतं?" मी विचारलं.

"वरून इंग्रजांचे रणगाडे. खालून, समुद्राकडून, पायदळ आलं. ते तुमचे लोक होते."

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते. आफ्रिकेतल्या वाळवंटात पडले, एवढंच घरात माहीत होतं. मी तसं सांगितलं. ते कितीतरी वेळ टेबलक्लॉथ हाताने सपाट करत राहिले.

"वरून चेहरे दिसत नव्हते," ते म्हणाले. "लग्न झालं होतं त्यांचं?"

"हो. बायको शेवटपर्यंत कुंकू लावायची. प्रेत कुणी पाहिलंच नव्हतं."

संध्याकाळी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "कुठली खिंड, कोण जाणे. सांगणारं कुणी उरलं नाही रे आता."

पुढच्या रविवारी खाली जावं की नाही, कळेना. गेलो, तर आजोबांनी दोन कप मांडून ठेवले होते. युद्धाचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

हिवाळ्यात ते गेले. घर आवरायला हांबुर्गहून त्यांची मुलगी आली. वडील युद्धात नेमके कुठे होते हे तिला कधीच कळलं नव्हतं. घरी त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"तुमच्याशी काही बोलले का?" तिने विचारलं.

हातातलं खोकं खाली ठेवून मी तिला सगळं सांगितलं.