रोज जन्मणारा मुलगा

माझ्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली भूमिका मी पूर्णा जंक्शनच्या फलाटावर केली. प्रेक्षक दोनच. एक चहावाला, आणि दुसरा असा माणूस, जो पाव तासात सगळं नाटक विसरून जायचा. असा प्रेक्षक कुठल्या नटाच्या नशिबी येतो? रोज तेच नाटक आणि रोज पहिला प्रयोग!

निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं होती. मी बाविशीतला, मालधक्क्यावर नुकताच कारकून म्हणून आलेला. फलाटाच्या टोकाला बाकावर एक तिशीतला माणूस कंदील पुसत बसलेला असे. तो सांधेवाला होता, गाडीला या रुळावरून त्या रुळावर घेणारा. मी येण्याच्या वर्षभर आधी मालडब्याचं उघडं दार त्याच्या कानशिलावर आदळलं होतं. जीव वाचला, पण त्या दिवसानंतरचं काहीच त्याच्या डोक्यात टिकेना. आधीचं सगळं जागच्या जागी होतं. हातही काही विसरले नव्हते. काच पुसावी, वात कातरावी, तेल भरावं, सगळं बिनचूक. म्हणून साहेबांनी त्याला कामावर ठेवलं होतं. माझं तोंड मात्र त्याला रोज नवं.

त्याच्या हिशेबी बायकोला आठवा महिना चालू होता. कायमचा. खरं तर अपघातानंतर महिन्याभरातच ती बाळंत झाली, मुलगा झाला आणि तिसऱ्या दिवशी गेला. चहावाल्यानं मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि वर म्हणाला, "बाबू, गंमत बघायचीय का? पोरगा झाला म्हणून सांगा त्याला."

मी टोपी हातात घेतली, केस विस्कटले आणि धापा टाकत धावत गेलो.

"दादा, इथं काय बसलाव? घरी जा! पोरगा झाला!"

कंदील त्याच्या हातातून सुटायचाच बाकी होता. "आईच्यान? खरं सांगायलाव?"

"मग काय! सुईणीनं निरोप धाडलाय."

"कोनावानी हाय ओ?"

"नाक तुमचं, रंग वहिनीचा."

चहावाल्याकडे एका डबीत गुळाचा खडा ठेवलेला असे. तो खडा हातात घेऊन दादा हमालापासून स्टेशनमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडापुढे धरी. लोक खाल्ल्यासारखं करत, कारण उद्या तोच खडा लागायचा. मग धोतर सावरत, रूळ ओलांडत तो क्वार्टरकडे धावत सुटे. आम्ही पोट धरून हसायचो.

पुढचा अंक आम्हाला दिसत नसे, फक्त ऐकू येई. दारात बायको असे. पोरगा केव्हाच गेला, हे तिलाच त्याला सांगावं लागे. एक आरोळी उठे, मग सामसूम. थोड्या वेळानं ओल्या गालांनी तो परत बाकावर येऊन बसे आणि मलाच विचारी, "बाबू, आपली वळख न्हाई, पर माझ्या डोळ्यात काय गेलंय बघता का?"

मी डोळ्यात फुंकर घालायचो. चहावाला हसून हसून खाली बसायचा.

असं आठ महिने चाललं. मी प्रयोग सुधारत गेलो. एकदा जुळं सांगितलं. एकदा चव बदलावी म्हणून मुलगी सांगितली, तरी तो तितकाच नाचला. मनाला मी समजावलं होतं, की संध्याकाळी घरी गेला की बायकोचं सपाट पोट त्याला दिसणारच, तो विचारणारच, तिला सांगावं लागणारच. मग दुपारी आपण त्याला घटकाभर सुख दिलं तर बिघडलं कुठं?

आणि बक्षीसही मिळू लागलं. मी दिसलो की तो हसे. पाहिल्याचं आठवत नसे, पण सरकून जागा करी. "तुमी कोन हाव ठाव न्हाई, पर तुमाला बघितलं की लय बरं वाटायलंय." मी फुलून जायचो.

माझा पुतण्या आता डॉक्टर आहे. तो सांगतो, घडलेलं साठवणारा एक भाग मेंदूत कानशिलाच्या आतल्या अंगाला असतो, आणि त्याला लागूनच बदामाएवढा दुसरा. पहिला चेचला तर दिवस पुसले जातात. पण दुसरा धड असेल तर कुठल्या चेहऱ्यामागून काय आलं, ते अंगात मुरत राहतं. का मुरलं ते त्या माणसालाही सांगता येत नाही. मी मान डोलावली. हे मला सांधेवाल्याच्या बायकोनं केव्हाच शिकवलं होतं.

ती एका दुपारी मालधक्क्यावर आली. शिव्या खायच्या तयारीनं मी उभा राहिलो. तिनं एकही दिली नाही.

"बाबू, काल मी भाकर वाढली, तर हे ताट टाकून कोपऱ्यात जाऊन बसले. म्हणले, का ते ठाव न्हाई, पर तू जवळ येऊ नको, काळीज धडधडायलंय. सात वर्सं झाली लग्नाला. आता मला भ्यायलेत."

गोड ते सगळं माझ्या तोंडाला चिकटलं होतं, कडू ते सगळं तिच्या.

"उद्यापासून गंमत बंद," मी म्हणालो.

"बंद करून ते माझ्याकडं येतेत व्हय? आजपासून दिवस मावळायच्या आधी घरी येत जा. पोरगा गेला म्हणून तुमी सांगायचं. मी आत चुलीपशी ऱ्हाईन. सांगून झालं की पानी घेऊन भाईर येईन."

"मी कसं सांगू?"

"तुमचं नाटक लय भारी हाय म्हणतेत की समदे. माझ्यापरीस चांगलं सांगताल."

गेलो. दादानं हसून घोंगडी अंथरली. "बसा बाबू. बायको चहा ठेवायलीय. आठवा चालू हाय तिला."

तेवढं एक वाक्य म्हणायला मला किती वेळ लागला! ना केस विस्कटले, ना धापा टाकल्या. तो ओरडला. ती तांब्या घेऊन आली आणि त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. पाव तासानं त्यानं विचारलं, "मी कशापायी रडायलोय?" ती म्हणाली, "धूर झालाय चुलीचा."

पंधरा दिवस तो मला बघून हसतच होता. मग हसू उशिरा येऊ लागलं. मग येईनासं झालं. महिन्यानं त्यानं मला उंबऱ्यावरच हात आडवा धरून अडवलं. "तुमी कोन हाव ठाव न्हाई. पर ह्या घरात पाय ठेवू नका." दुसऱ्या हातानं त्यानं बायकोचा पदर घट्ट धरला होता.

तिचा चेहरा उजळला. इतका उघडा आनंद मी आधी फक्त त्याच्याच चेहऱ्यावर, पोरगा झाला म्हटल्यावर पाहिला होता.

"उद्या बी या, बाबू," ती शांतपणे म्हणाली. "एवढ्यानं पक्कं व्हायचं न्हाई."

बदली होईपर्यंत मी जात राहिलो. तो ओट्यावर बसलेला असे, मी अंगणातूनच ते वाक्य बोले आणि वळून चालू लागे.

निजाम गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी पूर्ण्याला गाडी बदलायला उतरलो. दोघं त्याच बाकावर बसली होती. राज्य बदललेलं त्याला कुणी सांगितलं असेल तर ते तो केव्हाच विसरला होता. मी गुळाचा खडा घेऊन पुढे झालो. माझ्याकडे बघताच त्याचं तोंड काळवंडलं.

"वळख हाय का, दादा?"

"न्हाई," तो म्हणाला आणि पाठ करून बसला.

तिनं माझ्या हातातून खडा घेतला, पदराला पुसला आणि त्याच्या तोंडापुढे धरला. तिच्या हातचा त्यानं लगेच खाल्ला.